परतीची नळी

माणसावर विश्वास ठेवू नये हे मला कुणी शिकवलं नाही. तीस वर्षं मासळी विकली की ते आपोआप अंगात येतं. गिऱ्हाईक पापलेटाचा कल्ला उघडून बघतं, मी गिऱ्हाइकाची पिशवी बघते. दोघं एकमेकांना चोर समजतो आणि तरी वर्षानुवर्षं एकमेकांशी धंदा करतो. यात लाज वाटण्यासारखं काही असेल असं गेल्या जुलैपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमची बोट वेसाव्याच्या खाडीत असते. नाव 'हिराबाय', माझ्या सासूचं. चार वर्षांपूर्वी दादू, माझा नवरा, छातीत कळ येऊन गेला आणि बोटीची मालकीण मी झाले. बोट दर्यात नेणारा तांडेल मात्र तोच राहिला, गुणाजी. मालवणकडचा माणूस. बावीस वर्षं आमच्या बोटीवर. गावातली गणपतीची सुट्टी सोडली तर कधी खाडा नाही, दारू नाही, उलट उत्तर नाही. दादू म्हणायचा, गुणाजी म्हणजे माझा पाठचा भाऊ. मी मनात म्हणायची, असेल, पण पाठच्या भावावरही एक डोळा ठेवलेला बरा.

गेल्या मोसमात तो डोळा मी पुरता उघडला. बोट पाच दिवसांच्या फेरीला गेली की चौथ्या दिवशीच परत यायला लागली. का, तर डिझेल संपलं. तेवढंच डिझेल, तीच बोट, तेच इंजिन, आणि पूर्वी पाच दिवस पुरायचं ते आता चार दिवसांत संपतं? मी बांबूची एक काठी केली, तिच्यावर खुणा पाडल्या आणि बोट निघताना नि परतल्यावर स्वतः टाकीत बुडवून बघायला लागले. खलाशी तोंड फिरवून हसायचे. हसू देत. काठी खोटं बोलत नव्हती.

दर्यात बोटीला बोट लावून डिझेल विकणारे तांडेल असतात, हे वेसाव्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. गुणाजी त्यातला नाही असं सगळे म्हणत. पण जे खरंच विकतात, त्यांच्याबद्दलही कुणी तसं उघड बोलत नाही.

त्याच वेळी बाजारात दुसरंच सुरू झालं. मी पार्ल्याच्या बाजारात बसते. तिथली गिऱ्हाइकं जुनी आणि नाकाची तिखट. कल्पिताताई म्हणून आहेत, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झाल्यात. त्यांनी एका रविवारी पापलेट उचललं, नाकाशी नेलं आणि परत पाटीत ठेवलं.

"सगुणा, याला रॉकेलचा वास येतोय गं."

"रॉकेल आता मिळतं तरी कुठं ताई? ताजं पापलेट हाय, काल रात्री उतरवलंय."

"ताजं आहे. पण वास येतोय." आणि त्या उठून कुंदाकडे गेल्या.

कुंदा माझी धाकटी जाऊ. तिची स्वतःची बोट आहे आणि बाजारातली जागा माझ्या शेजारी. मी पापलेट दहा वेळा हुंगलं. मला मासळीचा वास आला, दुसरा कसलाही नाही. मग ताईंच्या कानात हे कुणी भरवलं? पुढच्या आठवड्यात आणखी दोन बायका तेच बोलल्या आणि कुंदाकडे गेल्या, तेव्हा माझी खात्रीच पटली. मी कुंदाशी बोलणं टाकलं. तिनं दोनदा चहा पाठवला, मी दोनदा परत पाठवला.

एक चोर दर्यात, एक शेजारी. मोसम असा गेला.

जून-जुलै मासेमारी बंद असते. बोटी खाडीच्या काठावर ओढून, ओंडक्यांवर उभ्या करून, वर प्लास्टिक टाकून ठेवतात आणि दोन महिने डागडुजी चालते. गुणाजी दरवर्षी या दिवसांत एकच तुणतुणं वाजवायचा.

"पायप बदलूक व्हये, वयनी. डिझेलचे. रबर कुजलां."

हे त्यानं तीन वर्षं सांगितलं आणि तीन वर्षं मी कानाआड केलं. तांडेल सामान बदलायचं म्हणतो तेव्हा दुकानदाराकडे त्याचा वाटा ठरलेला असतो, असा माझा हिशोब. या वर्षी मात्र मी हो म्हटलं, कारण माझी लेक नेत्रा. ती चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रबरी पाइप बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. ती म्हणाली, बोटीसाठी लागतो तसा डिझेलचा पाइप मीच आणते. दुकान नाही, वाटा नाही. शिवाय सगळे पाइप माझ्या डोळ्यांसमोर उघडले जाणार. डिझेल गळत असेल तर दिसेल. गळत नसेल तर तेही दिसेल.

खरं सांगायचं तर मला दुसरंच दिसायला हवं होतं.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी काम काढलं. उघडीप होती. मी शिडीनं बोटीवर चढले, केबिनमध्ये दादूच्या फोटोपुढचा दिवा लावला आणि इंजिनाच्या तोंडाशी पाटावर बैठक मारली. गुणाजी खाली उतरला. नेत्रा नवीन पाइपाचं भेंडोळं घेऊन बाजूला.

गुणाजीनं मला समजेल असं सांगितलं. टाकीतून इंजिनाला डिझेल नेणारी एक नळी. इंजिन लागतं तेवढं पितं आणि उरलेलं दुसऱ्या नळीनं टाकीत परत पाठवतं. ती परतीची नळी. दोन्ही बदलायच्या.

त्यानं टाकीपासून सुरुवात केली. क्लॅम्प सोडवला, तुकडा काढला, माझ्या हातात दिला. मी फडक्यानं पुसला, वाकवून बघितला. जुना, कडक, पण कुठं चीर नाही. फडकं कोरडं. दुसरा तुकडा, कोरडा. फिल्टरजवळचा, कोरडा. इंजिनाखालच्या लाकडावर हात फिरवला तर तिथं नुसती धूळ. दुपारी बारापर्यंत जाणारी नळी आख्खी बाहेर आली आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढं भोक नव्हतं.

म्हणजे गळती नाही. मग डिझेल गेलं कुठं?

"अजून परतीची ऱ्हवली हा, वयनी," गुणाजी घाम पुसत म्हणाला. "ती बर्फाच्या कप्प्याखालसून जाता. फळ्यो काढूक व्हयो. उद्या करूया."

उद्या! मला तो शब्दच झोंबला. आज रात्रीत हा काय त्या फळ्यांखाली करून ठेवील कुणास ठाऊक. वर्षभर घशाशी अडकलेलं सगळं एकदम वर आलं.

"उद्या कशाला? आज सांग ना कुनाला इकलंस ते!"

नेत्रा म्हणाली, "आई!"

मी थांबणारी नव्हे. उठून बोटीच्या कठड्याशी आले. खाली आजूबाजूच्या बोटींवर माणसं काम करत होती, बायका जाळी विणत बसल्या होत्या, कुंदाही होती त्यांत. मी आवाज चढवला. "ऐका रे सगल्यांनी! पायप कोरडे हायत. थेंब गलत नाय. आनि माझं डिझेल दर फेरीला कमी होतं. तांडेलानं शपत घ्यावी माझ्या बोटीवर हात ठेवून, का मी इकलं नाय म्हनून!"

हातोड्यांचे आवाज बंद झाले. गुणाजी हळूहळू वर आला. हात काळे, बनियनवर तेलाचे डाग. तो माझ्याकडे बघत होता, पण रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"शपथ मी घेवचंय नाय," तो म्हणाला. "बावीस वर्सांनी शपथ मागतंत, तर तिचो उपेग काय? गाऱ्हाणां घालतंय."

त्याच्या गावाकडे देवापुढं गाऱ्हाणं घालतात, सगळ्यांच्या देखत, नारळ ठेवून. तो शिडी उतरला. कुणीतरी नारळ आणून दिला. त्यानं तो बोटीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपुढं, ओल्या वाळूत ठेवला आणि हात जोडले. आमच्या कोळ्यांना ते मालवणी सगळं कळत नव्हतं, पण हात सगळ्यांचे जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या बारा वाटेच्या देवा! आज ह्या बोटीर जो संशय इलो हा, तो तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा. ज्या कोणाच्या हातान ह्या बोटीचां तेल गेलां आसात, तो हात तू उजेडात हाड रे म्हाराजा! आणि ज्येका उगाच बोल लागलो आसात, तेचो बोल तू काढून टाक रे म्हाराजा!"

खलाशांत दोघं त्याच्याच गावाकडचे. ते ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळा काठ ओरडला, माझी स्वतःची माणसं धरून, "व्हय म्हाराजा!"

मी ओरडले नाही. मला ते नाटक वाटलं. चोर नेहमी मोठ्यानं देवाला हाक मारतो, असंच माझ्या मनात आलं.

गर्दी पांगली तशी कुंदा पुढं आली. मला ऐकू जाईल अशा बेतानं ती गुणाजीला म्हणाली, "भाऊ, आमचा तांडेल यंदा येत नाय. आमच्या बोटीवर ये. तुना कोन काय इचारनार नाय."

गुणाजी म्हणाला, "हातातलां काम पुरां करतंय. मगे बगूया."

म्हणजे बघ, मी नेत्राला म्हटलं, दोघांचं आतून होतंच. घरी जाऊन तिनं माझ्याशी न बोलता भात खाल्ला आणि ती झोपली.

रविवारी सकाळी गुणाजी आमच्या आधी येऊन बोटीखाली बसला होता. वर चढला नव्हता. "वर तुमी असल्याशिवाय मी हात लावचंय नाय," म्हणाला. रात्री त्यानं काही केलं नसावं एवढं मी मनात नोंदवलं.

बर्फाचा कप्पा म्हणजे बोटीच्या पोटातली मोठी पेटी. दर्यात पकडलेली मासळी तिथं बर्फात थरावर थर रचून ठेवतात. गुणाजी आणि नेत्रा आत उतरले, तळाच्या फळ्या एकेक उचकटायला लागले. तिसरी फळी निघाली आणि नेत्रानं नाकाला ओढणी लावली.

"आई, खाली ये."

मी उतरले. "काय?"

"वास बघ."

"मना काय वास येत नाय. मासलीचा येतो, तो येनारच."

"आई, डिझेलचा भपकारा आहे इथे! तुला खरंच येत नाही?"

मी वाकून फळीला नाक लावलं. येत नव्हता, देवाशप्पथ. गुणाजीकडे बघितलं. त्यानंही मान हलवली. त्यालाही येत नव्हता. आम्ही दोघं जन्मभर त्याच वासात राहिलेले. नेत्रा सहा वर्षं चारकोपला ऑफिसात बसते, तिचं नाक वेगळं झालं होतं.

तिनं पर्समधून वहीचं कोरं पान काढलं, फळीच्या खालच्या अंगाला दाबून धरलं आणि माझ्यापुढं केलं. भजी बांधून आणलेल्या कागदासारखं ते पान पिवळट, आरपार दिसेल असं झालं होतं.

मग गुणाजीनं हात घालून परतीची नळी वर ओढली. दोन्ही बाजूंना काळा रबरी पाइप, आणि मधे हातभर लांबीचा हिरवा तुकडा जोडलेला. हिरवा तुकडा फुगून मऊ लिबलिबीत झाला होता, आणि खालच्या बाजूनं, क्लॅम्पच्या कडेला, उभा चिरलेला.

"काका, इंजिन चालू असतानाच यातून डिझेल जाणार ना?" नेत्रानं विचारलं.

"व्हय. किनाऱ्याक इंजिन बंद, मगे ही कोरडी. दर्यात सांडता, बर्फाच्या पाण्यात मिसळान पंपान भायर जाता. इंजिनाक कायच कळणा नाय, तेका तेचां मिळतां."

दर्यात पाच दिवस. टाकीत परत यायचं ते डिझेल माझ्या पापलेटांखाली. कल्पिताताईंचं नाक खरं होतं. कुंदानं कुणाच्या कानात काही भरवलं नव्हतं. हे सगळं मला एका दमात कळलं आणि तरी मेली माझी जीभ गप्प बसेना. मी म्हटलं, "पन असला पायप लावला कुनी? हा काय डिझेलचा पायप हाय?"

गुणाजी नळीकडे बघत राहिला.

नेत्रानं तो तुकडा हातात घेतला, फिरवला. तिचा चेहरा बदलला. "आई, हा आपल्या मोरीतला पाइप आहे. पाणी भरायचा. बाबा होते तेव्हाचा."

मला आठवलं. आठवलं म्हणजे, मी ते कधी विसरले होते तेच मला कळेना.

दादू गेला त्याच महिन्यात मी त्याचा फोटो केबिनमध्ये लावला होता आणि पुढं तेलाचा दिवा, बोट चालू असेपर्यंत तेवत राहील असा. परतीची नळी तेव्हा केबिनच्या कडेनं, नेमकी त्या दिव्याखालून जायची. गुणाजी म्हणाला होता, दिवा नि डिझेल एका जागी नको, वयनी, फोटो पलीकडे लावू. मी केवढ्यानं अंगावर धावून गेले होते! दिवा हलणार नाही, नळी हलव. त्यानं विचारलं, कप्प्याखालून न्यायला लागेल, पाइप कमी पडेल, दुकानातून आणू? मी म्हटलं, दुकानात जायचं नाही. घरात पडलाय तो लाव. आणि मोरीतला पाइप कापून मीच त्याच्या हातात दिला होता. हा पाण्याचा पाइप, डिझेल सोसायचा नाही, असंही तो बोलला होता. मी म्हटलं होतं, शहाणपणा नको.

तीन वर्षं तो बदलूया, बदलूया म्हणत होता. ते सगळं दुखणं माझ्या हातचं होतं हे एकदाही बोलला नाही. काल सगळ्यांसमोर त्याची लाज काढली, तेव्हासुद्धा.

"काल का नाय बोल्लास?" मी विचारलं.

"फुटलो खय ता माकाच कालपर्यंत म्हायत नव्हतां," तो म्हणाला. "आणि दादूभाऊचो दिवो मधी येतलो. तेचां नाव मी कशाक घेव चार माणसांत?"

मला रडू आलं. मी तिथंच, त्या ओल्या फळ्यांवर बसून रडले. मग डोळे पुसले, कारण रडणं कप्प्यात आणि आरोप काठावर, असं चालणार नव्हतं. मी शिडी उतरले. रविवार असल्यानं काठावर कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. हिरवा तुकडा हातात उंच धरला आणि काल जेवढ्या मोठ्यानं ओरडले तेवढ्याच मोठ्यानं ओरडले.

"ऐका! डिझेल चोरीला गेलं नाय. या पायपातून गेलं. हा पायप मी दिलेला, माझ्या हातानं. गुणाजीनं नको सांगितलेलं, मी ऐकलं नाय. चोर म्हनाले ते खोटं. माझं चुकलं." आणि मग कुंदाकडे वळून, "तुझंबी चुकलं नव्हतं. चहा पाठव."

कुंदानं डोळ्याला पदर लावला. कुणीतरी टाळी वाजवली. मला हलकं वाटलं. इतकं हलकं वाटलं की मला वाटलं, झालं, मिटलं.

गुणाजीनं संध्याकाळपर्यंत काम पुरं केलं. नवी परतीची नळी पुन्हा केबिनच्या कडेनं नेली, फोटो आणि दिवा मी माझ्या हातानं पलीकडच्या भिंतीवर लावला. त्यानं प्रत्येक क्लॅम्प दोनदा आवळला, हातपंपानं डिझेल भरलं, प्रत्येक जोडाखाली नेत्राचं कोरं पान धरून दाखवलं. पान कोरंच राहिलं. कुंदाचा चहा आला, तिघांनी प्यायला.

"नारळी पुनवेला नारल तूच वाहायचा बोटीवरनं," मी म्हटलं. "दरवर्षीसारखा. काल काय झालं ते इसर."

गुणाजी कप खाली ठेवून हात पुसत होता. "इसारलंय," तो म्हणाला. "एक इचारू, वयनी?"

"इचार ना."

"समजा, फुडल्या मयन्यात मी एक दिवस आधी परत इलंय. पायप नवे, इंजिन बरां, आणि डिझेल संपलां. तर तुमच्या मनात काय येतला?"

काहीच येणार नाही, असं मला म्हणायचं होतं. शब्द तयार होते. पण डोक्यात आधी आलं ते वेगळंच: पाइप तर नवे आहेत, मग डिझेल जाईल कुठं? मी ते आवरलं आणि तोंड उघडलं. मधे फार वेळ गेला नाही. एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच गेला असेल.

गुणाजी बावीस वर्षं माझं तोंड ओळखत होता. तो हसला, अगदी खरं हसला, आणि म्हणाला, "बरां आसा, वयनी."

"अरे, नाय, कायपन येनार नाय! कायपन नाय येनार, गुणाजी!"

त्यानं पाने-पक्कड पिशवीत भरली, दादूच्या फोटोला हात जोडले आणि शिडी उतरला. नेत्रा माझ्याकडे बघत उभी होती, आणि मी अजून म्हणतच होते, नाय येनार, कायपन नाय येनार. तोवर तो कुंदाच्या बोटीपाशी पोचला होता.